मालती बेडेकर

मालती विश्राम बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे (इ.स. १९०५ – ७ मे, इ.स. २००१), या मराठी कथालेखिका, कादंबरीकार, नाटककार व समाज-अभ्यासक होत्या. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने त्या महाराष्ट्रात परिचित झाल्या. पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठच्या शिरूर या गावावरून या टोपणनावाचा उत्तरार्ध आला आहे. इ.स. १९३३ साली प्रसिद्ध झालेला 'कळ्यांचे निःश्वास' हा त्यांचा पहिला कथासंग्रह मराठीतील स्त्रीवादी लेखनाच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. कथा, कादंबरी, नाटक, पटकथा, वैचारिक लेख आणि समाजशास्त्रीय पाहणी अशा अनेक माध्यमांतून त्यांनी लेखन केले. शिक्षण घेतलेल्या, स्वतः मिळवत्या झालेल्या आणि तरीही स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार न मिळालेल्या स्त्रीचा प्रश्न हा या सर्व लेखनाचा समान धागा होय.

== बालपण आणि कुटुंब ==

बाळूताईंचे वडील अनंतराव खरे हे शिक्षक होते व सुधारणावादी विचारांचे होते. आई इंदिराबाई या कर्तबगार गृहिणी होत्या. त्यांनी सुमारे २५ वर्षे दुधाचा व्यवसाय स्वतःच्या हिमतीवर सांभाळला. मुलींना शाळेत घालणे हेच ज्या काळी धाडसाचे मानले जाई, त्या काळात खरे दांपत्याने आपल्या मुलींना शिकवले, आणि लग्न हेच मुलीच्या आयुष्याचे एकमेव उद्दिष्ट आहे असे मानले नाही. घरात वडिलांचे विचार आणि आईचे अर्थार्जन या दोन्ही गोष्टी बाळूताईंनी लहानपणापासून पाहिल्या. स्त्रीच्या मिळकतीचा आणि तिच्या घरातील स्थानाचा संबंध काय, हा पुढे त्यांच्या लेखनात वारंवार येणारा प्रश्न त्यांना पुस्तकातून शोधावा लागला नाही.

या कुटुंबाचा संबंध शिरूरशी होता. पुणे–अहमदनगर मार्गावर घोड नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव घोडनदी या नावानेही ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि अमेरिकन मराठी मिशनचे केंद्रही होते. मिशनच्या शाळा, छावणीमुळे वाढलेली बाजारपेठ आणि आजूबाजूचा कोरडवाहू शेतीचा मुलूख यांमुळे या लहान गावात जुने व नवे एकमेकांना लागून नांदत होते. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन होते. दुष्काळात निराधार झालेल्या मुली, विधवा व टाकलेल्या स्त्रिया यांना तेथे आश्रय मिळत असे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा परिसर अशा रीतीने महाराष्ट्रातील स्त्रीप्रश्नाच्या इतिहासाशी दोन वेगवेगळ्या पिढ्यांत जोडला गेला आहे.

बाळूताईंच्या भगिनी कृष्णाबाई मोटे यादेखील लेखिका होत्या. त्यांचे पती ह. वि. मोटे हे मराठीतील नामवंत प्रकाशक होते.

== शिक्षण ==

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर बाळूताईंना पुढील शिक्षणासाठी पुण्याजवळील हिंगणे येथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत वसतिगृहात पाठविण्यात आले. कर्व्यांनी इ.स. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला होता. त्यानंतर महिला विद्यालय आणि इ.स. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. या विद्यापीठात उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले जाई आणि पदव्यांची नावेही संस्कृत होती. बी. ए.शी समकक्ष असलेल्या पदवीला गृहीतागमा, म्हणजे जी. ए., आणि त्यापुढील पदवीला प्रदेयागमा, म्हणजे पी. ए., असे म्हणत. बाळूताईंनी वयाची विशी गाठण्यापूर्वीच जी. ए. ही पदवी मिळवली व पुढे पी. ए. पदवीही संपादन केली. या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या पदवीधर स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

हिंगण्याच्या वास्तव्यात महर्षी कर्वे आणि त्यांचे सहकारी यांच्या विचारांचा बाळूताईंवर प्रभाव पडला. 'रागिणी'कार वामन मल्हार जोशी हे तेथे प्राध्यापक होते. विवाह, नीती आणि स्त्रीचे स्वत्व यांविषयीची तात्त्विक चर्चा कादंबरीतून करणारे लेखक म्हणून ते प्रसिद्ध होते. मात्र बाळूताईंच्या दृष्टीने वसतिगृहाचे जीवन हेही तितकेच मोठे शिक्षण होते. बालविधवा, परित्यक्ता, लग्न लांबलेल्या आणि घराला आधार देण्यासाठी शिकणाऱ्या अशा निरनिराळ्या परिस्थितीतील मुली तेथे एकत्र राहत होत्या. पुढे बाळूताईंच्या कथांत दिसणाऱ्या नायिका या जगातल्या आहेत.

== अध्यापन आणि पहिले ग्रंथ ==

शिक्षण पूर्ण झाल्यानंतर बाळूताई कर्व्यांच्या संस्थेच्या कन्याशाळेत अध्यापन करू लागल्या. याच काळात त्यांचे पहिले दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. 'अलंकार मंजूषा' (१९३१) हा अभ्यासग्रंथ त्यांपैकी पहिला असून 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' (१९३२) हा दुसरा ग्रंथ सहलेखनातून सिद्ध झाला. हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या मूळ नावाने निघाले.

दुसरा ग्रंथ त्यांच्या पुढील ललित लेखनाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. विवाह, वारसा, स्त्रीधन आणि पोटगी यांविषयी धर्मशास्त्र काय सांगते, याचा अभ्यास करूनच त्या कथालेखनाकडे वळल्या. त्या काळी मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला एक पत्नी असताना दुसरा विवाह करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाची सामान्य कायदेशीर तरतूद उपलब्ध नव्हती. बालविवाहास प्रतिबंध करणारा सारडा कायदा इ.स. १९२९ मध्ये मंजूर झाला होता. त्यामुळे मुलींचे लग्नाचे वय वाढू लागले, परंतु लग्नाच्या व्यवस्थेतील हुंडा व कुलशील यांची गणिते बदलली नव्हती. शिकलेली, वीस-पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी हे मध्यमवर्गीय मराठी घरातले अगदी नवे दृश्य होते, आणि तिच्याशी कसे वागावे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

== विभावरी शिरूरकर ==

=== 'कळ्यांचे निःश्वास' ===

इ.स. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. ह. वि. मोटे हे त्याचे प्रकाशक होते. या संग्रहातील कथा प्रामुख्याने सुशिक्षित अविवाहित तरुणींच्या आहेत. वडिलांच्या निवृत्तीनंतर वा आजारपणात घराचा भार उचलणारी आणि त्यामुळेच जिचे लग्न घरच्यांना सोयीचे वाटत नाही अशी मिळवती मुलगी, रूप किंवा हुंडा नसल्याने पुनःपुन्हा नाकारली जाणारी मुलगी, वय उलटून चालल्याच्या भीतीने विवाहित पुरुषाच्या संबंधात ओढली जाणारी शिक्षिका, अशा व्यक्तिरेखांतून लेखिकेने एका संपूर्ण वर्गाची कोंडी मांडली. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही या संग्रहातील कथा विशेष गाजली. तिचे शीर्षक हाच तिचा विषय आहे. लहान भावंडांचा सांभाळ करणाऱ्या मुलीने वडिलांचा संसार चालवला, तरी तो तिचा होत नाही, आणि तिचा स्वतःचा संसार उभा राहण्याची वेळ मात्र निघून जाते.

या कथांतील नायिका केवळ दुःख सोसत नाहीत. आपल्याला प्रेमाची, शरीरसुखाची आणि मातृत्वाची इच्छा आहे हे त्या स्वतःशी मान्य करतात. त्यापूर्वीच्या मराठी कथा-कादंबरीत विधवेचे दुःख, बालविवाहाचे दुष्परिणाम आणि स्त्रीशिक्षणाची आवश्यकता हे विषय आले होते. ह. ना. आपटे यांच्यापासून वा. म. जोशी यांच्यापर्यंत अनेक लेखकांनी ते सहानुभूतीने हाताळले होते. तथापि कुलीन घरातील अविवाहित स्त्रीच्या वासनेविषयी एका स्त्रीने लिहिणे ही वाचकांसाठी धक्कादायक गोष्ट होती.

संग्रह प्रसिद्ध होताच मोठा गदारोळ झाला. लेखनावर अश्लीलतेचे व समाजस्वास्थ्य बिघडवल्याचे आरोप करण्यात आले. दुसऱ्या बाजूने अनेक वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्याचे स्वागत केले. या वादात पुस्तकाइतकीच चर्चा विभावरी शिरूरकर कोण याची झाली. हे लेखन एखाद्या पुरुषाचे असावे असाही तर्क लढवला गेला. स्त्री इतके स्पष्ट लिहू शकणार नाही, असे या तर्कामागे गृहीत धरलेले होते.

=== टोपणनावाची आवश्यकता ===

टोपणनाव घेणे ही मराठी साहित्यात नवी बाब नव्हती. कवींमध्ये तर ती रूढच होती. परंतु बाळूताईंच्या बाबतीत त्याचा संबंध थेट उपजीविकेशी होता. त्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, स्वतः अविवाहित होत्या, आणि लोकांच्या देणग्यांवर व विश्वासावर चालणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या होत्या. मुलींना शिकवले की त्या बिघडतात, हा आक्षेप कर्व्यांच्या संस्थेला प्रारंभापासून ऐकावा लागत होता. लेखिकेचे खरे नाव उघड झाले असते, तर त्यांच्या नोकरीबरोबरच त्या संस्थेतील सर्व मुलींच्या शिक्षणाकडे बोट दाखवले गेले असते. त्यामुळे नाव लपवणे ही केवळ लेखकीय हौस नव्हती.

विभावरी म्हणजे रात्र. या नावाने लेखिकेला अंधाराचा आडोसा दिला, आणि शिरूरकर या आडनावाने आपल्या गावाशी असलेले नाते कायम ठेवले. ज्या नावाचा हेतू ओळख लपवणे हा होता, त्यातच ओळखीची एक खूण राहिली. कालांतराने लेखिकेची ओळख उघड झाली. त्यानंतरही त्यांनी हे नाव टाकले नाही आणि ललित लेखनासाठी ते वापरत राहिल्या.

=== 'हिंदोळ्यावर' आणि 'विरलेले स्वप्न' ===

पुढील दोन वर्षांत त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. 'हिंदोळ्यावर' (१९३४) या कादंबरीची नायिका अचला ही पतीने टाकलेली सुशिक्षित स्त्री आहे. कायद्याने ती विवाहित आहे, पण तिला संसार नाही. ती दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि विवाहाच्या चौकटीबाहेर मातृत्वाचा स्वीकार करते. घटस्फोटाची सोय नसलेल्या काळात अशा स्त्रीपुढे असणारे पर्याय किती मर्यादित होते, हे या कादंबरीतून स्पष्ट होते. कथासंग्रहाने सुरू झालेला वाद या कादंबरीमुळे अधिकच तीव्र झाला.

'विरलेले स्वप्न' (१९३५) ही कादंबरी रोजनिशीच्या रूपात लिहिलेली आहे. येथे बाह्य घटनांपेक्षा प्रेमात पडलेल्या व्यक्तींच्या मनातील आंदोलने महत्त्वाची ठरतात. प्रेमाविषयीची भावनिक कल्पना आणि विवाहानंतरचे वास्तव यांतील अंतराची चिकित्सा लेखिकेने केली आहे. रोजनिशीच्या रूपामुळे स्त्रीला स्वतःशी बोलण्याची मोकळीक मिळते, आणि निवेदकाने तिच्या वागण्याचे समर्थन वा निषेध करण्याची गरज उरत नाही.

== सोलापूर येथील वसाहत ==

इ.स. १९३६ मध्ये बाळूताईंनी कन्याशाळेतील नोकरी सोडली आणि सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या सरकारी वसाहतीत प्रशासकीय जबाबदारीचे पद स्वीकारले. इ.स. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. इ.स. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी होऊन अनेक ठिकाणी अशा वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत तारेच्या कुंपणाने वेढलेली होती. तेथील रहिवाशांना हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जाण्यासाठी परवानगी घ्यावी लागे. शहरातील कापडगिरण्यांमध्ये त्यांपैकी अनेकजण मजुरी करीत.

मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातून आलेल्या, पांढरपेशा मुलींच्या व्यथा लिहिणाऱ्या लेखिकेसाठी हा अनुभव पूर्णपणे वेगळ्या जगाचा होता. त्या स्वतः शासनयंत्रणेचा भाग म्हणून कुंपणाच्या आत वावरत होत्या. सुधारणेच्या नावाखाली चालणारी ही व्यवस्था माणसांना कशी बांधून ठेवते, हे त्यांनी जवळून पाहिले.

या अनुभवांवर आधारित 'बळी' ही कादंबरी इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मांग-गारुडी समाजातील माणसांचे वसाहतीतील जीवन हा तिचा विषय आहे. कुंपणाबाहेरच्या जगात प्रामाणिकपणे जगू पाहणारा आबा हा तरुण स्वतःचा समाज, सरकारी अधिकारी आणि बाहेरचा तथाकथित सभ्य समाज या तिघांच्या कचाट्यात सापडतो आणि अखेर बळी ठरतो. भूक, मारहाण, व्यसन, स्त्री-पुरुषांतील संबंध यांचे चित्रण करताना लेखिकेने दयाबुद्धीचा सूर लावलेला नाही. दलित व भटक्या-विमुक्त समाजातील लेखकांची आत्मकथने मराठीत येण्यापूर्वीच्या काळात या जीवनाचे इतके निकटचे चित्रण करणारी कादंबरी म्हणून 'बळी'चा उल्लेख केला जातो. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट, इ.स. १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

== विवाह आणि सहजीवन ==

इ.स. १९३८ मध्ये बाळूताईंचा विवाह लेखक व चित्रपट दिग्दर्शक विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांच्याशी झाला आणि त्या मालती बेडेकर झाल्या. विवाहाच्या वेळी त्यांचे वय तेहेतीसच्या आसपास होते. त्या काळाच्या मानाने हे वय फारच उशिराचे होते. आपल्या कथांतील नायिकांना जी प्रतीक्षा सोसावी लागली तिचा त्यांना प्रत्यक्ष परिचय होता.

विवाहानंतरच्याच वर्षी, इ.स. १९३९ मध्ये, विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचेही प्रकाशक ह. वि. मोटे होते. बेडेकरांनी प्रभात फिल्म कंपनीच्या 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात भाग घेतला. त्यांच्या 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्रास इ.स. १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन स्वतंत्र प्रकृतीच्या लेखकांचे हे सहजीवन दीर्घकाळ टिकले. दोघांच्या लेखनाची जात मात्र वेगळी राहिली. विश्राम बेडेकरांनी मोजकेच आणि कलात्मक घडणीकडे लक्ष देऊन लिहिले, तर मालतीबाईंचा भर सामाजिक प्रश्नावर व त्याच्या परिणामांवर होता.

सरकारी नोकरी सोडल्यावर मालतीबाईंनी लेखनाबरोबरच स्त्रियांच्या संस्थांच्या कार्यात लक्ष घातले.

== नाटक, पटकथा आणि उत्तरकालीन कादंबऱ्या ==

स्वातंत्र्याच्या सुमारास मालतीबाई नाट्यलेखनाकडे वळल्या. 'पारध' (१९४७) आणि 'वहिनी आली' (१९५२) ही त्यांची नाटके होत. 'हिरा जो भंगला' हे नाटकही त्यांनी लिहिले. 'साखरपुडा' ही त्यांची पटकथा होय. मराठी रंगभूमीवर स्त्रीजीवनाचे प्रश्न प्रामुख्याने पुरुष नाटककारांच्या लेखणीतून येत होते. त्या काळात नाटक लिहिणाऱ्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्यांचा समावेश होतो. तरीही नाटककार म्हणून त्यांना कथा-कादंबरीइतकी मान्यता लाभली नाही.

'जाई' (१९५२) या कादंबरीनंतर आलेली 'खरेमास्तर' (१९५३) ही आत्मचरित्रात्मक स्वरूपाची कादंबरी वडिलांच्या जीवनावर आधारलेली आहे. एका लहान गावातील शिक्षकाने काळाच्या पुढे जाऊन मुलींना शिकवले, आणि त्या शिकलेल्या मुली स्वतःच्या मार्गाने जाऊ लागल्यावर वडील या नात्याने त्याची झालेली घालमेल, असा दुहेरी आशय या कादंबरीत आहे. सुधारणेची किंमत मुलींप्रमाणेच त्यांना शिकवणाऱ्या वडिलांनाही मोजावी लागते, ही जाणीव येथे दिसते. मालतीबाईंच्या आधीच्या लेखनात पुरुष बहुधा स्त्रीच्या कोंडीचे कारण म्हणून येतो. 'खरेमास्तर'मध्ये मात्र एका पुरुषाच्या एकाकीपणाकडे त्यांनी ममतेने पाहिले आहे. या कादंबरीचा यशोधरा देशपांडे-मैत्र यांनी इंग्रजीत अनुवाद केला आहे.

'शबरी' ही कादंबरी सुशिक्षित विवाहित स्त्रीच्या आत्मशोधाची आहे. रामायणातील शबरीप्रमाणे निरपेक्ष समर्पण करणे हा पत्नीचा आदर्श मानला जातो. त्या आदर्शाला शिक्षण घेतलेली स्त्री कुठवर मान्यता देऊ शकते, याचा विचार या कादंबरीत आहे. 'कळ्यांचे निःश्वास'मधील स्त्रीला विवाह हवा होता, 'शबरी'तील स्त्रीला तो मिळाला आहे, आणि तरीही तिचा प्रश्न सुटलेला नाही, असा हा विकासक्रम आहे. 'दोघांचे विश्व आणि इतर कथा' (१९५७) हा कथासंग्रह व 'उमा' (१९६६) ही कादंबरी यांतही स्त्री-पुरुष संबंधांची चिकित्सा त्यांनी पुढे चालू ठेवली.

== 'घराला मुकलेल्या स्त्रिया' ==

इ.स. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'घराला मुकलेल्या स्त्रिया' हा ग्रंथ मालतीबाईंच्या समाजशास्त्रीय अभ्यासाचे फलित होय. पतीने टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या, कुमारी माता झालेल्या किंवा छळामुळे घराबाहेर पडलेल्या स्त्रिया आश्रयगृहांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतात, याची पाहणी त्यांनी केली. कादंबरीकाराचे कुतूहल आणि अभ्यासकाची शिस्त या दोन्हींचा उपयोग या ग्रंथात झाला आहे.

हा ग्रंथ लिहिला जाईपर्यंत कायद्यात मोठे बदल झाले होते. मुंबई प्रांतात इ.स. १९४६ मध्ये हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा आणि इ.स. १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा संमत झाला. त्यानंतर इ.स. १९५५ चा हिंदू विवाह कायदा संपूर्ण देशासाठी आला. 'हिंदोळ्यावर'मधील अचलेला जी वाट कायद्याने बंद होती ती आता खुली होती. पण कायद्याने वाट खुली झाली तरी घराबाहेर पडलेल्या स्त्रीला राहायला जागा, मिळकत आणि मुलांची सोय आपोआप मिळत नाही, हे या पाहणीतून पुढे आले. त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी, इ.स. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष साजरे झाले आणि महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती संघटनांचे काम वाढले. परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न त्यांनी चळवळीच्या पातळीवर हाती घेतला. त्या दृष्टीने हा ग्रंथ पूर्वतयारीचा ठरतो.

== समांतर साहित्य संमेलन ==

इ.स. १९८१ मध्ये मुंबई येथे भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी मालती बेडेकर यांची निवड झाली. विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीविषयक 'जनांचा प्रवाहो चालिला' या पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने मागे घेतल्यामुळे साहित्यिकांत असंतोष पसरला होता. शासनाच्या अनुदानावर अवलंबून असलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनापासून वेगळे राहून, साहित्यातील शासकीय हस्तक्षेपाचा निषेध करण्यासाठी हे संमेलन भरवण्यात आले. त्या वेळी मालतीबाईंचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे होते.

एकेकाळी नोकरी व संस्था यांना धक्का लागू नये म्हणून आपले नाव लपवावे लागलेल्या लेखिकेने लेखनस्वातंत्र्याच्या प्रश्नावर उघडपणे, स्वतःच्या नावाने नेतृत्व करावे, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. पुढे इ.स. १९८६ मध्ये मुंबई येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विश्राम बेडेकर यांनी भूषवले. त्यामुळे समांतर आणि अखिल भारतीय अशा दोन्ही संमेलनांची अध्यक्षपदे एकाच घरात आली.

== लेखनविशेष ==

मालती बेडेकर यांच्या लेखनाची काही वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

* अर्थार्जन आणि स्वातंत्र्य : स्त्रीने मिळवते होणे हा स्वातंत्र्याचा मार्ग मानला जात असतानाच, मिळवतेपणाही शोषणाचे साधन होऊ शकतो हे त्यांनी १९३० च्या दशकात दाखवले.
* शारीर जाणिवांचा स्वीकार : स्त्रीच्या कामभावनेचा उल्लेख त्यांनी आडवळणाने वा निषेधाच्या सुरात केला नाही. ती त्यांच्या नायिकांच्या जगण्याचा स्वाभाविक भाग म्हणून येते.
* आत्मनिवेदनाचे तंत्र : पत्र, रोजनिशी व स्वगत यांचा वापर करून त्यांनी स्त्रीच्या मनातील संवाद थेट वाचकापर्यंत पोहोचवला.
* अनुभवक्षेत्राचा विस्तार : वसतिगृह, शाळा, वसाहत व आश्रयगृह अशा संस्थांमधील बंदिस्त जीवन हा त्यांच्या लेखनाचा कायमचा परिसर आहे. 'बळी'मधील तारेचे कुंपण आणि आधीच्या कथांतील घराच्या भिंती यांत एक आंतरिक साम्य आढळते.

समीक्षकांनी त्यांच्या लेखनातील काही मर्यादाही नोंदवल्या आहेत. विचार मांडण्याच्या ओघात कथानक कधी कधी चर्चेच्या अंगाने जाते व पात्रे लेखिकेची भूमिका बोलून दाखवतात, असा आक्षेप घेतला जातो. पहिल्या काही पुस्तकांच्या प्रखर प्रकाशात त्यांचे नंतरचे लेखन, विशेषतः 'खरेमास्तर' व 'शबरी', काहीसे झाकोळले गेले, असेही मत मांडले जाते.

== मृत्यू आणि वारसा ==

७ मे, इ.स. २००१ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षाच्या आसपास मालती बेडेकर यांचे निधन झाले. जवळजवळ संपूर्ण विसावे शतक त्यांनी पाहिले. सारडा कायद्यापूर्वीच्या बालविवाहांपासून स्त्रीमुक्ती चळवळीपर्यंतचा काळ त्यांच्या हयातीत मावला.

गीता साने आणि विभावरी शिरूरकर या १९३० च्या दशकातील दोन लेखिकांनी मराठी कादंबरीत आणलेली स्पष्टता पुढील पिढ्यांतील लेखिकांसाठी पायाभूत ठरली. सुझी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनात विभावरी शिरूरकर यांच्या लेखनाचा समावेश झाल्यामुळे मराठीबाहेरील अभ्यासकांनाही त्यांची ओळख झाली.

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमांत आजही त्यांचा उल्लेख मालती बेडेकर या नावापेक्षा विभावरी शिरूरकर या नावानेच अधिक होतो. लपण्यासाठी घेतलेल्या नावानेच लेखिका कायमची ओळखली गेली, आणि त्या नावाबरोबर घोडनदीकाठचे शिरूर हे गावही मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले.

== प्रकाशित साहित्य ==

* अलंकार मंजूषा (अभ्यासग्रंथ, १९३१)
* हिंदुव्यवहार धर्मशास्त्र (अभ्यासग्रंथ, सहलेखन, १९३२)
* कळ्यांचे निःश्वास (कथासंग्रह, १९३३)
* हिंदोळ्यावर (कादंबरी, १९३४)
* विरलेले स्वप्न (कादंबरी, १९३५)
* पारध (नाटक, १९४७)
* बळी (कादंबरी, १९५०)
* जाई (कादंबरी, १९५२)
* वहिनी आली (नाटक, १९५२)
* खरेमास्तर (कादंबरी, १९५३)
* शबरी (कादंबरी)
* दोघांचे विश्व आणि इतर कथा (कथासंग्रह, १९५७)
* घराला मुकलेल्या स्त्रिया (समाजशास्त्रीय अभ्यास, १९६२)
* उमा (कादंबरी, १९६६)
* हिरा जो भंगला (नाटक)
* साखरपुडा (पटकथा)
* मनस्विनीचे चिंतन (लेखसंग्रह)